बिनकारणाची रजा

करिष्माला दिवस गेल्याची बातमी मंडळाच्या ग्रुपवर आली, तेव्हा दीपमाला कंपनीच्या बसमध्ये चिंबळी फाट्याला अडकून बसली होती. बातमी वाचून तिला आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग हेवा वाटला. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला काही आणखी मूल नको होतं. एक मुलगी नाशिकला शिकत होती, तेवढं पुरे होतं. हेवा वाटला तो करिष्माला आयत्या मिळालेल्या कारणाचा. आता यंदाच्या श्रावणात तिला नाचावं लागणार नव्हतं, आणि का म्हणून कुणी विचारणारही नव्हतं.

मंडळ म्हणजे मोशीतल्या त्यांच्या सोसायटीतल्या आठ बायकांचा मंगळागौरीच्या खेळांचा संच. सात वर्षांपूर्वी ए विंगमधल्या एका नव्या सुनेची मंगळागौर पार्किंगमध्ये जागवायची ठरली. जमलेल्या बायका कुणी साताऱ्याच्या, कुणी जळगावच्या, कुणी लातूरकडच्या. सगळे खेळ असे कुणालाच येत नव्हते. तेवढ्यात गावठाणातून दूध घालायला आलेल्या छबूबाईंनी किटली जिन्याखाली ठेवली, पदर खोचला आणि एकेकीला धरून फुगडी शिकवली. सत्तरीला टेकलेली बाई गिरक्या घेतेय आणि तिशीतल्या पोरी धापा टाकतायत, असा तो प्रकार होता. त्या दिवशी इतकं हसू झालं, की पुढच्या आठवड्यात सगळ्या पुन्हा जमल्या.

कुठलीही गोष्ट अर्धवट सोडणं त्यांच्यातल्या वर्षालीच्या स्वभावात नव्हतं. तिनं मंडळ उभं केलं, हिरव्या नऊवाऱ्या आणल्या, झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप, कोंबडा सगळं घोटून घेतलं. आणि गाणी म्हणायला दीपमाला होतीच. उदगीरकडं माहेरी हळदीची गाणी म्हणून तयार झालेला तिचा गळा उंच आणि खणखणीत होता. ती पहिली ओळ उचलायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. मोशीत नव्यानं आलेल्या दीपमालाला तोवर सोसायटीत लिफ्टखेरीज कुणी ओळखीचं नव्हतं. या बायकांनी तिला माणसांत आणलं. सासूबाई गेल्या तेव्हा तेरा दिवस वर्षालीनं तिचं घर सांभाळलं होतं. हे दीपमाला विसरली नव्हती, आणि अडचण तीच होती.

कारण आता त्या हौसेचं भलतंच काहीतरी झालं होतं. गेल्या श्रावणात एकोणीस कार्यक्रम झाले. मग गणपती, नवरात्र, संक्रांतीची हळदीकुंकवं, महिला दिन. वटपौर्णिमा झाली की रोज सात ते नऊ क्लब हाउसमध्ये सराव आणि रविवारची अख्खी दुपार. दीपमाला निघोज्याच्या एका कंपनीत दिवसभर भिंगाखाली रबरी सील तपासायची. साडेसहाला घरी यायची, कुकर लावायची आणि पायातली चप्पल न काढता क्लब हाउसकडं पळायची. मंगळवारच्या कार्यक्रमांपायी वर्षाच्या निम्म्या रजा जायच्या. तिला हवं होतं ते इतकं साधं होतं, की सांगायचीसुद्धा लाज वाटावी. घरी यावं, गॅलरीत खुर्ची टाकावी, पाय कठड्याला लावावेत आणि बसावं, एवढंच.

वटपौर्णिमेनंतरच्या शनिवारी क्लब हाउसमध्ये पहिली बैठक झाली. वर्षालीनं वही उघडून तारखा वाचायला सुरुवात केली, आणि दीपमालाच्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"मला सोमवारपासून सेकंड शिफ्ट लागणारे."

सगळ्या थांबल्या. "कायमची?" वर्षालीनं विचारलं.

"तसंच म्हणतायत."

"मग संध्याकाळी येणार कशी तू?"

"तेच ना," दीपमाला म्हणाली आणि जमिनीकडं बघत बसली.

वर्षालीनं वही मिटली. "बघू," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी दीपमाला घरी येऊन गॅलरीत बसली. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता, समोरच्या टॉवरचं प्लास्टर चालू होतं, आणि तिला ते सगळं फार गोड वाटलं. खोटं बोलल्याची टोचणी होती, पण टोचणीसकट माणसाला बसता येतं, असं तिच्या लक्षात आलं.

हे सुख एक दिवस टिकलं. सोमवारी सकाळी बसमध्ये चढता चढता तिनं फोन पाहिला. वर्षालीचा निरोप होता: 'सराव उद्यापासून संध्याकाळऐवजी सकाळी साडेसहा ते आठ. दीपमालाला सेकंड शिफ्ट लागलीय म्हणून. सगळ्यांनी सवय करून घ्या.' खाली एकापाठोपाठ एक होकार. कुणाचा मुलगा सकाळच्या शाळेला जाणारा, कुणाच्या नवऱ्याचा डबा सातला लागणारा, तरी होकार. करिष्मानं लिहिलं होतं, 'मी नाचणार नाही, पण तुमच्यासाठी चहा घेऊन येईन.' छबूबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी आवाज पाठवला होता: "पोरी, मी दूध घालून येते. साडेसहाला न्हाई जमलं तर पावनेसातला येते. तू काळजी करू नगंस."

दीपमालानं तो निरोप दोनदा ऐकला. बस निघाली. घड्याळात सव्वासात वाजले होते. सकाळी साडेसहा ते आठ ती सरावाला जाऊच शकणार नव्हती, कारण तिची शिफ्ट बदललेलीच नव्हती. आणि तिच्यासाठी म्हणून सात बायका पहाटे उठणार होत्या.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवनाथ चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. माणूस कमी बोलायचा, पण बोलला की नेमकं बोलायचा.

"म्हंजे आता सकाळी तिथं झिम्मा खेळायचा अन् सव्वासातची बसबी धरायची," तो म्हणाला. "दोन दीपमाला लागतात की याला."

"हसू नका. मी काय करू?"

"खरं सांगून टाक. कशाला भ्यायलीस एवढं?"

"काय सांगू? तब्येत चांगली, घरात अडचण नाही, तुम्ही कधी आडकाठी केली नाही. नुसतं नको वाटतंय म्हणून कुणी सोडतं का?"

नवनाथनं थोडा विचार केला. "मी तंबाखू सोडली होती तशीच," तो म्हणाला.

त्याच्या उत्तराचा तिला काही उपयोग झाला नाही. मंगळवारी ती सरावाला गेली नाही, डोकं दुखतंय म्हणून कळवलं. बुधवारी वर्षालीनं डोकेदुखीच्या गोळ्या आणि लिंबू सरबत पाठवून दिलं. गुरुवारी दीपमाला कंबरेचं निमित्त काढायच्या विचारात होती. तेवढ्यात संध्याकाळी देहू रस्त्याच्या कडेला भाजी घेताना तिच्या शेजारी रंभा येऊन उभी राहिली.

रंभा त्यांच्याच सोसायटीतली. मंडळ सुरू झालं तेव्हाच्या आठांतली ती एक. तीन वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका मोठ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिनं ग्रुपवर 'घरगुती अडचण' एवढे दोनच शब्द टाकले आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली. फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सात जणींनी आठ जणींचा पिंगा कसाबसा ओढून नेला. तेव्हापासून तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. रंभाही मागच्या गेटनं जा-ये करायची. दीपमालानंही तिच्याशी बोलणं टाकलं होतं, याची तिला आत्ता वांगी निवडताना एकदम जाणीव झाली.

"आज सराव नाही का?" रंभानंच विचारलं.

"सकाळी असतो आता," दीपमाला म्हणाली. मग काय झालं कुणास ठाऊक, तिनं रंभाला सगळं सांगितलं. सेकंड शिफ्ट, सकाळचा सराव, गोळ्या, सरबत. भाजीवाली दोनदा पिशवी पुढं करून कंटाळली.

रंभा शांतपणे ऐकत होती. "माझं उलटं झालं होतं," ती म्हणाली. "सासऱ्यांना तेव्हा कॅन्सर निघाला होता. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. खरं कारण होतं माझ्याकडं. पण मला वाटलं, सांगत बसले तर या सगळ्या मदतीला धावून येतील, डबे देतील, सरावाच्या वेळा बदलतील आणि मला सोडणारच नाहीत. म्हणून न सांगता गेले. खरं कारण असून मीच खोटी ठरले."

"आम्हाला माहीतच नव्हतं."

"कसं असणार? मी सांगितलंच नाही." रंभानं कोथिंबिरीची जुडी झटकली. "सासरे गेले त्याच वर्षी, गावाकडं. तेव्हा वाटलं, एकीनं तरी यावं. पण मीच दार लावून घेतलं होतं, वाजवणार कोण?"

दोघी मुख्य गेटनं सोबत आत आल्या. वॉचमननं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं.

रविवारी सकाळी दीपमाला वर्षालीच्या घरी गेली. वर्षाली हॉलमध्ये नऊवाऱ्यांना इस्त्री करत होती. एक ढीग झालेला, एक व्हायचा. दीपमाला दारातच बोलली, कारण आत जाऊन बसली असती तर चहा आला असता आणि चहा घेतल्यावर बोलणं झालं नसतं.

"वर्षाली, माझी शिफ्ट बदललेली नाही. मी खोटं बोलले."

वर्षालीनं इस्त्री उभी ठेवली. "म्हणजे?"

"मला मंडळातून बाहेर पडायचंय."

"कुणी काही बोललं का तुला?"

"नाही."

"नवनाथभाऊ काही म्हणाले?"

"ते कशाला काय म्हणतील?"

"तब्येत?"

"ठणठणीत आहे."

"मग कारण काय?"

"कारण काहीच नाही. मला संध्याकाळी घरी बसायचंय."

"घरी बसून करणार काय तू?"

"काही नाही," दीपमाला म्हणाली. तिला स्वतःलाच ते उत्तर फार अपुरं वाटलं, पण दुसरं नव्हतं.

वर्षालीनं इस्त्रीची पिन काढली. वायर हळूहळू गुंडाळली. "आम्ही सात जणी आठवडाभर सहाला उठतोय. छबूमावशी दूध घालून पळत येतायत. तुझ्यासाठी. आणि तुला काही न करण्यासाठी आम्हाला सोडायचंय."

"तुम्हाला नाही गं. खेळ सोडायचाय."

"आपल्यात खेळाशिवाय दुसरं काय आहे?"

वर्षाली ते रागात बोलून गेली. पण वाक्य दोघींनी ऐकलं. सात वर्षांत दोघी रोज भेटल्या होत्या, आणि रोज पायांच्या ठेक्याबद्दल, साड्यांबद्दल, कुणाची टाळी उशिरा पडते त्याबद्दल बोलल्या होत्या.

दीपमालानं घरून ठरवून आणलेलं तेवढं सांगून टाकलं. "श्रावणातले पहिले तीन कार्यक्रम तू माझ्या भरवशावर घेतलेत. ते मी करणार. चौथ्यापासून नाही. तोवर गाणी कुणाला तरी शिकवते. सराव पुन्हा संध्याकाळचा कर. खोटं बोलले त्याबद्दल सगळ्यांची माफी मी स्वतः मागते."

"गळा शिकवून येतो होय?" वर्षाली म्हणाली आणि साड्यांचा ढीग उचलून आतल्या खोलीत गेली.

दीपमाला लिफ्ट सोडून जिन्यानं उतरली. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, तेव्हा तिला कळलं की आपल्याला हलकं वाटतंय. मैत्रिणीला दुखवून हलकं वाटावं हे तिला बरं दिसलं नाही, पण वाटत होतं ते वाटत होतं.

घरी जाऊन तिनं ग्रुपवर लिहिलं नाही, स्वतःच्या आवाजात बोलून निरोप पाठवला. शिफ्टचं खोटं होतं, माझं चुकलं, तीन कार्यक्रम करून थांबतेय, कुणावर राग नाही. दोघी-तिघींनी वाईट वाटल्याचं कळवलं. एकीनं फक्त 'ठीक आहे' लिहिलं, आणि ते ठीक नव्हतं हे कळत होतं. वर्षालीनं काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सराव संध्याकाळी सातला असल्याचा निरोप तिनं टाकला, बस. पुढचे दहा-बारा दिवस ती दीपमालाशी कामापुरतं बोलली: आत ये, बाहेर जा, वेग कमी कर.

त्याच आठवड्यात करिष्मा दीपमालाच्या घरी आली, डोळे सुजलेले. डॉक्टरांनी उड्या मारायच्या नाहीत म्हणून बजावलं होतं. वर्षालीनंही घरीच आराम कर म्हणून सांगितलं होतं.

"ताई, मी काय करू घरात बसून?" ती म्हणाली. "सासूबाई दर तासाला खायला आणून देतात. आपलं मंडळ आहे म्हणून मी या सोसायटीत टिकले. सगळ्या म्हणतात, किती छान, आता विश्रांती. मला नकोय विश्रांती."

दीपमाला तिच्याकडं बघत राहिली. जे तिला चोरून मिळवावंसं वाटत होतं ते या पोरीला जबरदस्तीनं मिळालं होतं, आणि ती रडत होती.

"गाणं म्हणतेस का?" दीपमालानं विचारलं. "खुर्चीत बसून?"

"मी? माझा आवाज घोगरा आहे."

"म्हणून दाखव तर."

करिष्मानं झिम्म्याची ओळ उचलली आणि वरच्या पट्टीत जाताच आवाज चिरकला. पुन्हा म्हटलं, पुन्हा चिरकला. चार दिवस दीपमालानं तिला घासून पाहिलं. पाचव्या दिवशी तिला घेऊन ती गावठाणात छबूबाईंकडं गेली. छबूबाई गोठ्यापुढं बाजेवर बसल्या होत्या. शेत गेलं होतं, दोन म्हशी राखल्या होत्या. जुन्या काळची गाणी त्यांच्या आईकडून त्यांना मिळाली होती. त्यांतलं झिम्म्याचं एक मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात असायचं:

जात्यापाशी उजाडलं गं, काम काही उरकंना
भाऊ माझा दारी उभा, सासू मला सोडंना

करिष्मानं ते म्हटलं, सोडंनापाशी आवाज फाटला आणि ती गप्प झाली.

"येवढ्या वर कशापायी जाती?" छबूबाई म्हणाल्या. "तुजा गळा खालचा हाय. मंग गानं खाली घे की. माजी आई आशीच म्हनायची, जमिनीलगत."

"पण ताई उंच म्हणतात."

"तिचा गळा उंच हाय म्हून ती म्हनती." छबूबाईंनी दीपमालाकडं पाहून डोळे बारीक केले. "खरं सांगू का दीपा, रागावशील. तुज्या मागं म्हनताना आमचे समद्यांचे घसे बसायचे. दर श्रावनात मी आठ दिस काढा पीत व्हते."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू चांगली म्हनायचीस. चांगल्याला काय बोलायचं?"

दीपमाला आधी ओशाळली, मग तिला हसू आलं. सात वर्षं आपण मंडळाला धरून ठेवलंय असं तिला वाटत होतं, आणि सात वर्षं मंडळ काढा पिऊन तिच्यामागं ओढलं जात होतं. करिष्मानं गाणं खाली घेतलं. आता तोच घोगरा आवाज जाड, गरम आणि घरगुती वाटायला लागला. म्हशीही बहुधा त्याच पट्टीत हंबरत असाव्यात, कारण एकीनं मध्येच साथ दिली.

पंधरा दिवस, कंपनीतून आल्यावर तासभर, दीपमालानं तिला शिकवलं. ओळ कुठं सोडायची, नाचणाऱ्यांना दम घ्यायला कुठं जागा द्यायची, कुणाची टाळी मागं पडली तर काय करायचं. श्रावणातले आपले तीन कार्यक्रम दीपमालानं मन लावून केले. इतक्या आनंदानं ती तीन-चार वर्षांत खेळली नव्हती. तिसरा कार्यक्रम झाला, तिनं नऊवारी धुऊन इस्त्री करून वर्षालीच्या दारात दिली. वर्षालीनं ती घेतली. "फॉल थोडा उसवलाय," म्हणाली. दीपमाला म्हणाली, "शिवून देते." वर्षाली म्हणाली, "राहू दे."

चौथा कार्यक्रम चऱ्होलीत होता, एका नव्या संकुलाच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. तुम्ही समोर बसा, नाहीतर मी म्हणणार नाही, असं करिष्मानं बजावलं होतं. म्हणून दीपमाला साध्या साडीत प्रेक्षकांत जाऊन बसली. पायांत घुंगरांचं ओझं नव्हतं, कमरेला कासोट्याची ओढ नव्हती. हॉलला एसी आहे हे तिला पहिल्यांदाच जाणवलं; नाचताना कधी लक्षात आलं नव्हतं.

करिष्मा हिरव्या साडीत खुर्चीवर बसली होती, बाकीच्या रिंगणात. पहिले दोन खेळ सुरेख झाले. झिम्म्याला छबूबाईंचं गाणं सुरू झालं. रिंगण फिरू लागलं, टाळ्या पडू लागल्या. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी करिष्मा थांबली. ओळ गेली होती. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि घाबरून सरळ दीपमालाकडं पाहिलं.

ओळ दीपमालाच्या जिभेवर होती. ओठ उघडले असते तर हॉल भरून गेला असता. एक टाळी पडली. दुसरी पडली. रिंगण नुसतंच फिरत होतं. दीपमालानं मांडीवरची पर्स घट्ट धरली आणि करिष्माच्या डोळ्यांना डोळे देऊन नुसती बसून राहिली. आपण दुष्टपणा करतोय असं तिला वाटलं. पण आज उचललं, की पुढच्या रविवारीही इथंच यावं लागेल, हेही तिला दिसत होतं.

तिसऱ्या टाळीला रिंगणातून आवाज आला. वर्षालीचा. सात वर्षांत जी कधी एकटी गायली नव्हती, माझा कावळ्याचा गळा म्हणून कायम मागं राहायची, ती नाचता नाचता, धापा टाकत, बेसूर का होईना, ओळ घेऊन निघाली. बाकीच्यांनी धरली. करिष्मानं अर्ध्यावर ती परत हातात घेतली आणि गाणं पुढं गेलं. समोर बसलेल्या बायकांना काही कळलंही नाही.

दीपमालाच्या शेजारची बाई तिच्याकडं झुकली. "ती खुर्चीतली किती छान म्हणतेय ना? तुम्ही कुणाकडच्या?"

"मी बघायला आलेय," दीपमाला म्हणाली. म्हणताना छातीत बारीकशी कळ आली. मग ती इतरांसारखी टाळ्या वाजवू लागली, आणि थोड्या वेळानं कळ होती की नव्हती हेही आठवेना.

कार्यक्रम संपल्यावर वर्षाली घामानं थबथबलेली तिच्याजवळ आली. तिनं न विचारता दीपमालाच्या पर्समधली पाण्याची बाटली काढून तोंडाला लावली.

"तू उचलशील असं वाटलं मला," ती म्हणाली. "म्हणून दोन टाळ्या थांबले."

"मलाही वाटलं, उचलेन."

"मग?"

"मग तू घेतलंस."

वर्षालीनं बाटलीचं झाकण लावलं. "घसा गेला माझा," ती म्हणाली. आणि तशाच बसलेल्या आवाजात, इकडंतिकडं बघत, "रंभाच्या सासऱ्यांचं तू मला का नाही सांगितलंस? करिष्माला सांगितलंस, तिच्याकडून कळलं. काल मी गेले होते तिच्याकडं. तीन वर्षं उशिरा. तिनं चहा केला."

पुढच्या रविवारी वर्षाली फोन न करता दीपमालाच्या घरी आली. कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता, तोवर तीन तास मोकळे होते. दीपमालानं दुसरी खुर्ची गॅलरीत आणली. वर्षाली थोडा वेळ अवघडून बसली, कारण हातात वही नव्हती. मग तिनं आपल्या आईचं काढलं. आई कराडला भावाकडं असते, हे दीपमालाला माहीत होतं. वर्षाली महिन्यातून एकदा तिकडं जाते, म्हणून सराव हुकतो, हेही माहीत होतं. पण आई आता वर्षालीला ओळखत नाही, हे माहीत नव्हतं. मागच्या खेपेला तिनं वर्षालीला शेजारची समजून घरी जायला सांगितलं होतं, मुलगी येणारे माझी, जागा अडवू नकोस, म्हणून.

"कधीपासून आहे हे?" दीपमालानं विचारलं.

"दीड वर्ष."

दीड वर्षात दोघी किमान चारशे वेळा भेटल्या होत्या. वर्षाली बोलत राहिली, कधी हसून, कधी नाक पुसत. चहा दोनदा झाला. साडेपाचला ती उठली, पदर सारखा केला आणि सवयीनं म्हणाली, "चल, आवर लवकर."

मग स्वतःच्याच लक्षात आलं. ती हसली आणि लिफ्टची वाट न बघता घाईनं जिना उतरली.

दीपमालानं कप विसळले. खाली गाडी सुरू झाल्याचा, कुणीतरी सूप विसरल्याचा, कुणीतरी धावत वर गेल्याचा गलका झाला आणि गेटबाहेर जाऊन विरला. ती आत येऊन पलंगावर जरा टेकली. संध्याकाळी झोपू नये असं तिची सासू म्हणायची. दीपमाला गाढ झोपली.